पडली म्हणजे बसली नव्हे

पानखार, ता. म्हसळा
२० जून २०२५

सलिल,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे खुशाल आहेत. नववीला पत्रलेखन शिकवत होते. मागच्या बाकावरून लाइबाने विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः शेवटचं पत्र कधी लिहिलंत?" मला आठवेना आणि वर्गात हशा पिकला. तेव्हा हा माझा गृहपाठ समज. तुझं उत्तर आलं नाही तर मी नापास. शिवाय फोनवर तू "बघतो, करतो" म्हणून सटकतोस, तसं कागदावर जमत नाही.

तुझ्या उघाडीची खबर देते. वर्गात बोर्लीची मुलं जास्त, त्यांना खार म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांना सांगितलं, आमच्या गावाची भातशेती खाडीच्या पातळीच्याही खाली आहे, मध्ये मातीचा बांध. बांधात एक झडप, ती उघाडी. ओहोटीला उचलायची म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला पाडायची म्हणजे खारं पाणी आत येत नाही. चाळीस वर्षं ते काम माझ्या वडिलांनी केलं आणि आता माझ्या वर्गमित्राचं यंत्र करतं. एवढं सांगून मी थोडी मिरवलेसुद्धा.

पण मे महिन्यात तू नारळ फोडून गेलास तेव्हापासून अब्बा रिकामे झाले, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. मोटर झडप पाडते, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'बंद' उमटतं, तरी हे प्रत्येक भरतीला छत्री घेऊन बांधावर हजर. चपला काढून झडपेवरच्या तुळईवर उभे राहतात. कशाला, तर म्हणे, "पडली ती दिसली. बसली का, ते पायाला इचारतंय."

उधाणाच्या दिवसांत आलेला शुक्रवारचा एकही जुम्मा त्यांनी मशिदीत पढलेला नाही, तुला माहीत आहे. उधाणाची भरती नेमकी नमाजाच्या वेळेला. बांधावरच चटई टाकायचे. उद्घाटनाला तू म्हणालास, "चाचा, आता जुम्मा चुकवायचा नाही," ते त्यांनी मनावर घेतलंय, पण पाय निघत नाही. दोन ओळी लिही त्यांना. तुझं ऐकतील.

आणि तू नक्की काय करतोस तेही मुलांसाठी लिही. "कॉम्प्युटरात खाडी बनवतो" असं मी सांगितलं तर अरमान म्हणाला, "त्यात मासे गावतात का?"

तुझी,
फरिदा


पुणे
२ जुलै २०२५

फरिदाबाईंस,

विद्यार्थ्याचा नमस्कार. शुद्धलेखन तपासू नये ही विनंती.

अरमानला सांग, मासे नाहीत, बाकी सगळं आहे. आमच्या धंद्यात यंत्र आधी बनवत नाहीत. आधी त्याचं मॉडेल कॉम्प्युटरमध्ये उभं करतात. नुसत्या यंत्राचं नाही, ज्या जगात ते राहणार त्या जगाचंही. माझ्या मॉडेलमध्ये पानखारची खाडी आहे, चंद्र आहे, पाऊस आहे, झडपेचं वजन आहे, मोटर आहे आणि मोटरला कधी काय करायचं ते सांगणारं डोकं आहे. मग झडप पाडून बघायची. खऱ्या लोखंडाला हात लावण्याआधी मी ती दहा हजार वेळा पाडली. अमावास्येला, पौर्णिमेला, वीज गेलेली असताना, धो धो पावसात. दहा हजार भरत्या म्हणजे चाचांची चौदा वर्षं. मी ती एका आठवड्यात उरकली, पंख्याखाली बसून. याला कुणी उंटावरून शेळ्या हाकणं म्हणालं तर म्हणो. शेळ्या बरोबर गोठ्यात जातात.

सगळंच काही मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते धरून चालायचं. शाळेत 'समजा क्ष' म्हणायचो ना, तसं. अशा धरलेल्या गोष्टींची यादी असते, माझ्या यादीत एकवीस आहेत.

मार्चमध्ये चाचांनी मला 'पडली' आणि 'बसली' यातला फरक अख्खी दुपार समजावला होता. तीन वेळा चहा झाला. पडली म्हणजे खाली आली, बसली म्हणजे खालच्या उंबऱ्याला घट्ट चिकटली, पाण्याची बारीक धारसुद्धा नाही. मजा आली ऐकायला. पण यंत्राला इतके लाड परवडत नाहीत. मी दोनच शब्द ठेवले, उघडी आणि बंद.

चाचांना एवढं वाचून दाखव: हिरवं दिसलं की झडप बंद. खुशाल जुम्म्याला जा. पावसाळाभर जा. जबाबदारी माझी.

सलिल


पानखार
२९ जुलै २०२५

सलिल,

तुला गावच्या समितीकडून कळलं असेल. तीन दिवस तुझा फोन लागतो आहे पण उचलला जात नाही. कामात असशील.

परवाच्या शुक्रवारी, पंचवीस तारखेला, खार बुडाला. अमावास्येचं उधाण होतं, वर पाऊस. तुझं पत्र मी अब्बांना दोनदा वाचून दाखवलं होतं. त्यांचा पांढरा कुर्ता आदल्या दिवशी मीच इस्त्री करून ठेवला. मी शाळेत होते. दुपारी झडप पडली, हिरवं आलं, ते त्यांनी पाहिलं आणि मशिदीत गेले. नमाज पढून पावणेदोनला परत आले तेव्हा लावणी झालेल्या भातावर गुडघाभर खारं पाणी होतं. उघाडीच्या खालून माती धुपली आणि बांधाला वीस फुटांची खांड पडली. पुढच्या भरत्यांना तर काही अडवायलाच उरलं नाही. बेचाळीस घरांची शेती गेली, आणि खारं पाणी एकदा मुरलं की तीन पावसाळे तिथे भात नाही, हे तुला मी सांगायला नको.

पडद्यावर तेव्हाही हिरवं होतं. सगळ्यांनी पाहिलं.

झडपेत आमचं कोळंबीचं जाळं अडकलेलं सापडलं. लोकांनी हिशेब जुळवला: हमीदने, म्हणजे अब्बांनी, हाताच्या चाकाने झडप वीतभर उचलली, जाळं लावलं आणि नमाजाला गेला. बोर्लीच्या बाजारात बायजा मासळीवाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुज्या बापानं आमचा भात बुरवला गो." मी पिशवी तिथेच ठेवून आले.

अब्बा बोलत नाहीत. काल मी विचारलं. काय विचारलं ते लिहिण्याची आज हिंमत नाही.

यंत्रात काही नोंद राहते का? असेल तर बघ.

फरिदा


पुणे
८ ऑगस्ट २०२५

प्रिय फरिदा,

पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं. बांधाची खांड बुजवायचं काम सुरू झालं हे ऐकलं, बरं झालं.

नोंदी आम्ही तपासल्या आहेत. त्या दिवशी बारा वाजून छत्तीस मिनिटांनी मोटरचे सगळे फेरे पूर्ण झाले आणि झडप 'बंद' अशी नोंद आहे. आतलं पाणी वाढत गेल्याचीही नोंद आहे, पण पाऊस असल्यामुळे यंत्रणेने ते पावसाचं धरलं. आमच्या कंपनीचा अहवाल समितीकडे जाईल. त्याआधी मी जास्त लिहिणं बरोबर नाही.

चाचांना धीर दे. तब्येतीला जप म्हणावं.

सलिल


पानखार
२२ ऑगस्ट २०२५

सलिल,

अहवाल आला. समितीचे अध्यक्ष हरेश्वरकाका यांनी देवळाच्या ओट्यावर उभं राहून वाचला. शेवटी तुझी सही. "नोंदीनुसार झडप बंद होती. मानवी हस्तक्षेपाची शक्यता नाकारता येत नाही."

तुझे आभार मानायला लिहिते आहे. तू सरळ 'हमीदने उघडली' असंही लिहू शकला असतास. 'शक्यता नाकारता येत नाही' म्हणून तू एका म्हाताऱ्या माणसाला थोडी तरी सावली दिलीस. हे उपकार मी विसरणार नाही.

खरं सांगू? शरमेने माझी मान वर होत नाही. मी पाचवीत असताना, मामूच्या लग्नाला पाहुणे आले होते तेव्हा, माझ्या कोळंबीच्या हट्टापायी अब्बांनी खरंच एकदा झडप वीतभर उचलून जाळं लावलं होतं. भांगाची भरती होती, पाण्याला जोर नव्हता, काही बिघडलं नाही. ही गोष्ट फक्त मला माहीत आहे. म्हणून लोक बोलतात तेव्हा मला त्यांच्याशी भांडता येत नाही. शाळेत मुलं मला बघून गप्प होतात. मी गेले महिनाभर अब्बांशी कामापुरतं बोलते. ताट वाढते आणि आत जाते.

समितीने उघाडीची चावी काढून घेतली आहे. आजोबांपासून आमच्या खुंटीवर असायची. ५ ऑक्टोबरला, रविवारी, बैठक आहे. चावी कायमची काढायची आणि गावाच्या पाटीवर कारण लिहायचं, असा ठराव येणार आहे. अब्बांना चावीचं फार नाही. पाटीचं आहे.

त्यांनी तुला एकच निरोप दिला आहे. ते म्हणाले तसाच लिहिते: "सलिलला इचार, पडली व्हती का बसली व्हती?"

मला तो प्रश्न कळला नाही. तुला कळेल म्हणाले.

गणपतीला येशील तेव्हा भेटूच.

फरिदा


पुणे
१ सप्टेंबर २०२५

प्रिय फरिदा,

यंदा गणपतीला येणं जमलं नाही. एक मोठं काम अंगावर आलं आहे. चुलतभावाने पूजा केली. जन्मात पहिल्यांदा चुकलं.

आभार वगैरे लिहू नकोस. कृपा करून लिहू नकोस.

पाटीचा ठराव कायद्याने टिकेल असं मला वाटत नाही, एखाद्या वकिलाला विचारायला हवं. नोंदींची प्रत हवी असेल तर पाठवतो. शाळेतल्या मुलांकडे लक्ष देऊ नकोस, मुलं विसरतात. पुण्यात पाऊस आहे. चाचांचा गुडघा कसा आहे?

सलिल


पानखार
१० सप्टेंबर २०२५

सलिल,

मी मराठीची मास्तरीण आहे. गाळलेली जागा ओळखण्याचा मला पगार मिळतो.

तू वकिलाचं लिहिलंस, पावसाचं लिहिलंस, गुडघ्याचं विचारलंस. अब्बांनी एक प्रश्न विचारला होता, त्याबद्दल अक्षर नाही. मुंबईचा, पुण्याचा, आखातातला, कुठलाही असो, आपल्याकडचा माणूस गणपती चुकवतो तेव्हा एक तर घरात सुतक असतं नाहीतर कुठेतरी पाणी मुरत असतं.

पडली होती की बसली होती?

फरिदा


पुणे
१९ सप्टेंबर २०२५

फरिदा,

पडली होती. बसली नव्हती.

हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले. आता बाकीचंही लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा सुरू करायचो नाही.

माझ्या यंत्राला झडप दिसत नाही. त्याला फक्त मोटरचे फेरे मोजता येतात. फेरे पूर्ण झाले की झडप खाली पोचली असणार, असं ते समजतं आणि हिरवं दाखवतं. शिवाय खाली काही अडकलं तर साखळी सैल पडते आणि मोटर फिरतच राहते. फेरे पुरे होतात, झडप मात्र वरच. त्या दिवशी उंबऱ्यावर काही तरी आडवं आलं. बांध बुजवताना निघालेल्या गाळाचे फोटो मी मागवले, त्यात मांडीएवढं जाड तिवराचं खोड आहे. पाण्याबरोबर वाहत आलेलं. झडप त्याच्यावर टेकली, वीतभर फट राहिली. तुमचं जाळं कठड्यावर टांगलेलं असायचं, ते त्या ओढीने आत गेलं. कुणी काही उचललं नाही. हाताचं चाक फिरलं असतं तर त्याची वेगळी नोंद झाली असती. ती नाही. हे मला २८ जुलैला, सोमवारी, पहिल्याच दिवशी माहीत होतं.

आता खालची पायरी.

उंबऱ्यावर एक बटण बसवायचं मुळात ठरलं होतं. झडप घट्ट बसली तरच ते दाबलं जाणार. चाचांनी त्या दुपारी जे सांगितलं, तेच. एप्रिलच्या चाचणीत ते बटण गाळाने चारदा अडकलं. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. मी बटण काढलं आणि त्याच्या जागी यादीत एक ओळ घातली. क्रमांक चौदा: 'झडप पडली म्हणजे बसली असे धरले आहे.' शब्दसुद्धा चाचांचेच वापरले. मी त्यांना हसलो होतो, फरिदा, पण फरक मला कळला होता.

आणि त्याच्याही खालची. दहा हजार वेळा पाडली म्हणून मी तुला फुशारकी मारली. त्यात एक प्रसंग होता, झडपेखाली लाकूड अडकण्याचा. तो प्रत्येक वेळी लाल यायचा. शेत बुडायचं, मॉडेलमधलं. साहेबांपुढे दाखवायच्या आदल्या दिवशी मी तो प्रसंग बाजूला काढून ठेवला, 'नंतर बघू' म्हणून. मग सगळं हिरवं झालं. म्हणजे पंचवीस जुलैला जे घडलं ते मी एप्रिलमध्ये माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, अनेक वेळा, चहा पिता पिता.

'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य माझंच. सावली द्यायला नाही लिहिलं. मीच त्याच्या आड लपलो. तू आभार मानलेस ते पत्र मी कचेरीच्या कपाटात ठेवलंय, घरी न्यायची लाज वाटते. जुम्म्याला जा म्हणून मीच लिहिलं, जबाबदारी माझी म्हणूनही मीच लिहिलं. ते पत्र तुझ्याकडे आहे. तू एकदाही ते माझ्या तोंडावर फेकलं नाहीस, आणि त्याने मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी ५ तारखेला येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. कंपनीला आज लेखी कळवलं आहे. मी आलो नाही तर हे पत्र तू बैठकीत वाच. माझा भरवसा धरू नकोस. धरण्यानेच सगळं झालं आहे.

चाचांना काय लिहू ते सुचत नाही.

सलिल


पानखार
८ ऑक्टोबर २०२५

सलिल,

तू आलास. मी पत्र पदराखाली धरून बसले होते, तू दिसलास आणि हात सैल झाला.

तू बोललास तेव्हा तुझा आवाज ओट्याच्या टोकापर्यंत पोचत नव्हता, तरी कुणी 'मोठ्याने बोला' म्हटलं नाही. विनेश धावून आला तेव्हा मला भीती वाटली. दीड एकर गेलाय त्याचा. पण तू जागचा हलला नाहीस. मग बाराच्या एसटीने निघून गेलास, चहासुद्धा न घेता. पुढचं तुला माहीत नाही म्हणून लिहिते.

अब्बा बैठकीला नव्हते, हे तू पाहिलंस. पौर्णिमा जवळ होती, भरती अकराची, ते बांधावर होते. चावी नसताना, समितीने बंदी केलेली असताना, रोज असतात. नवीन पहारेकरी बाळाजी त्यांना काही म्हणत नाही, उलट छत्री धरतो. हरेश्वरकाका चावी घेऊन बांधावर गेले, मागे पंधरा-वीस माणसं, मी. काकांनी सगळं सांगितलं आणि चावी पुढे केली. म्हणाले, "हमीदभाय, आमी चुकलो."

अब्बांनी चावी घेतली आणि म्हणाले, "सलिलनं धरलं व्हतं, ती तेची चूक. पन पाय माजा व्हता. वजू झाला व्हता, पाय धुवून झाले व्हते, चिखलात पाय घातला न्हाय. चालीस वर्सांत एक डाव." मग बायजा पुढे आली. तिने टोपलीतली दोन बोंबलांची जुडी तुळईवर ठेवली आणि गेली.

सगळ्यांची माफी झाली, सलिल. माझी राहिली.

२८ जुलैला मी त्यांना जे विचारलं ते आज लिहिते. मी म्हटलं, "अब्बा, खरं सांगा, जाळ्यासाठी उचललीत ना? मामूच्या लग्नात उचलली होती तशी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताट सरकवलं आणि उठले. नाही म्हणाले नाहीत. ज्या पोरीसाठी तेव्हा कोळंबी आणली तिनेच साक्ष काढली, तर नाही कुणापुढे म्हणायचं?

तुला निदान मोटरने फसवलं. मला कुणी फसवलं नाही. गावाने संशय घेतला तो न कळून. मी त्यांना चांगलं ओळखत असून घेतला. बैठकीत लोक तुझ्याकडे बघत होते तेव्हा मला सारखं वाटत होतं, आता मलाही उभं करतील. कुणी केलं नाही. संध्याकाळी मी घरात तीनदा बोलायला गेले. ते म्हणाले, "मीठ कमी हाय," आणि जेवत राहिले. मीठ बरोबर होतं.

फरिदा


पुणे
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय फरिदा,

चाचांपुढे उभं राहायची छाती झाली नाही म्हणून बाराची एसटी पकडली. सगळ्या गावापुढे बोललो आणि एका माणसाला भ्यालो. बांधावर त्यांची छत्री दिसत होती. एसटी वळेपर्यंत मी खाली बघत बसलो.

कंपनीने अहवाल मागे घेतला. बेचाळीस घरांच्या भरपाईचं बोलणं सुरू आहे. ते पुरं होईपर्यंत मी नोकरी सोडायची नाही असं ठरवलंय. मला तुमच्या कामावरून काढलं आहे, ते योग्यच झालं. पण मॉडेलची दुरुस्ती करून मगच दुसऱ्याच्या हातात द्यायचं, एवढं मागून घेतलं. आता तीन शब्द आहेत: उघडी, पडली, बसली. तिसरा हिरवा झाल्याशिवाय भोंगा बंद होत नाही. साहेबांनी विचारलं, हा शब्द मराठीत का? मी म्हटलं, याला दुसरा शब्द मला सापडला नाही, आणि हा ज्यांचा आहे त्यांना तो पडद्यावर वाचता यायला हवा. लाकूड अडकण्याचा प्रसंग पहिल्या क्रमांकावर ठेवलाय. जो कुणी मॉडेल उघडेल त्याला आधी तोच दिसेल.

गाळात टिकणारं बटण बसायला जानेवारी उजाडेल. तोवर यंत्राने झडप पाडायची आणि बसली की नाही हे माणसाने सांगायचं. माणूस म्हणजे चाचांचा पाय. तेवढं त्यांना विचारशील? माझ्या नावाने नको विचारू.

तुझ्याबद्दल काय लिहू. तू मला मोटरच्या नावावर सूट दिलीस, ती मी घेणार नाही. आणि तुला माफ करणारा मी कोण?

सलिल


पानखार
८ नोव्हेंबर २०२५

सलिल,

तुझ्या नावानेच विचारलं. म्हणाले, "तेनं सांगायची गरज व्हती?"

काल शुक्रवार. पौर्णिमेचं उधाण चालू, भरती दुपारी दीडच्या सुमाराला. जुलैनंतर अब्बा एकाही जुम्म्याला मशिदीत गेलेले नाहीत, भांगाच्या दिवसांतसुद्धा. मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि बांधावर गेले. अब्बा चटई झटकत होते. मी चपला काढल्या आणि म्हटलं, "मला शिकवा."

त्यांनी बराच वेळ माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "टाच न्हाय. चवडा."

मोटर घरघरली, झडप खाली गेली, पडद्यावर 'पडली' आलं. मी तुळईवर उभी होते. पायाखाली बारीक थरथर, शिवणयंत्रावर हात ठेवल्यासारखी. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, थांब. पाणी चढत होतं, थरथर चालूच. मग खालून कुठून तरी एक ठोका आला आणि तुळई निपचित झाली. एकदम. मला रडू आलं, का ते सांगता येत नाही. कुणी एवढ्या साध्या गोष्टीसाठी चाळीस वर्षं उन्हापावसात उभं राहिलं असेल, आणि मी त्याला विचारलं होतं, उचललीत ना?

मी तिथेच म्हटलं, "अब्बा, मी तुमच्यावर संशय घेतला. मला तोंड दाखवायला जागा नाही."

ते खाडीकडे बघत होते. म्हणाले, "मामूच्या लग्नात उचलली व्हती ना. मंग तू खोटं काय इचारलंस?" आणि थोड्या वेळाने, "पन एक डाव तरी पुन्ना इचारायचंस गो. मी वाट बगत व्हतो."

तीन महिने, सलिल. मी ताट वाढून आत जात होते आणि ते वाट बघत होते.

मशिदीतून अजान झाली. मी म्हटलं, "तुम्ही जा. मी आहे." ते हलले नाहीत. भरती अजून चढायची होती. त्यांनी चपला घातल्या आणि विचारलं, "बसली?"

मी म्हटलं, "बसली."

त्यांच्या पायात चपला होत्या. तुळई दोन पावलांवर होती. त्यांनी चपला काढल्या नाहीत, पाय लावून बघितला नाही. छत्री माझ्या हातात दिली आणि मशिदीची वाट धरली. जुलैमध्ये त्यांची चाळीस वर्षं समोर असूनही मी विश्वास ठेवला नाही. काल त्यांनी माझ्या एका शब्दावर अख्खा खार टाकला. मी भरती उतरेपर्यंत तुळईवरून पाय काढला नाही.

पुढच्या वेळी बाराची एसटी चुकव. अब्बा म्हणतात, तुझाही पाय एकदा बघायचा आहे.

फरिदा